इनमीन दोन अक्षरं

माझं माहेर मनमाडकडचं. तिथे पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळे रस्त्याने सायकलींपेक्षा टँकर जास्त, आणि शाळेत जाताना वाचायला दुसरं काही नसायचं म्हणून आम्ही टँकरची बुडं वाचायचो. हायली इनफ्लेमेबल. इंग्रजीच्या सरांनी पाचवीतच सांगून ठेवलेलं की पुढे इन लागला की अर्थ उलटा, करेक्टचं इनकरेक्ट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल. मग काय, फ्लेम म्हणजे ज्वाळा, म्हणजे हा टँकर मुळीच पेट न घेणारा. कित्येक वर्षं मला वाटायचं पेट्रोलवर काहीतरी औषध मारत असणार, सरकार किती काळजी घेतं बाई आपली!

पुढे लग्न होऊन नाशिकला आले, एका कंपनीत डिस्पॅचला लागले. एकदा चेन्नईच्या पार्टीचा माल अडकला होता, मी सुट्टीच्या दिवशी फोनाफोनी करून सोडवला, तर त्यांचा मेल आला, युअर हेल्प वॉज इनव्हॅल्युएबल. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. एवढं करून वर कवडीमोल म्हणतात? शेवटी मीच मेल केला की सॉरी, पुढच्या वेळी नीट मदत करेन. त्यांनी उत्तरच दिलं नाही, काय देणार बिचारे.

मग शेजारच्या टेबलावरच्याने हसून हसून डोळे पुसत सांगितलं की अहो ताई, ते कौतुक आहे, व्हॅल्युएबलच्याही वरचं. हात्तिच्या! म्हणजे इन लागला की भाव वाढतो तर. हे ज्ञान मी जपून ठेवलं आणि थेट साहेबांच्या सेंड ऑफला वापरलं. सगळे आपले फेमस फेमस करत होते, मी म्हटलं आपण एक पायरी वर जाऊ, आणि माईकवर ठणकावून बोलले, अवर इनफेमस साहेब. टाळ्या पडल्या हो, खोटं कशाला सांगू! फक्त साहेबांच्या मिसेसचा हात समोशासकट अर्ध्यावर थांबला. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. इनफेमस म्हणजे कुप्रसिद्ध हे नंतर कळलं.

हल्ली लेक आठवीत आहे, तिने माझी शिकवणी घेतली. म्हणाली, आई, लॅटिनमधून दोन वेगवेगळे इन आलेत, एक नाही म्हणणारा आणि एक आत ढकलणारा, दिसायला जुळे. इनफ्लेमेबलमधला दुसरा, म्हणजे ते पेटतंच, चांगलं धडधडून. इनव्हॅल्युएबलमधला मात्र नाहीवाला, किंमत करताच येत नाही असं. अमेरिकेत १९२० च्या दशकात आगीपासून बचावाचं काम करणाऱ्या मंडळींनी मागे लागून डब्याटाक्यांवर नुसतं फ्लेमेबल लिहायला सांगितलं, कारण लोकांचा घोळ व्हायचा. चला, म्हणजे मी एकटीच येडी नाही.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? अमूल्य म्हटल्यावर कोणी रुसत नाही. रामदासांचं अचपळ मन चपळच असतं, चांगलं उड्या मारणारं. खालस म्हणजे शुद्ध आणि निखालस म्हणजेपण शुद्धच. पण हे आपण आईच्या दुधाबरोबर पितो, इंग्रजीचं दूध आम्हाला पाचवीत मिळालं, तेही पाणी घातलेलं.

परवा लेकीच्या वहीत इनफंट आणि इनफंट्री शेजारी शेजारी होते. इनफंट म्हणजे मूळ अर्थाने न बोलणारं, तान्हं बाळ. त्यावरूनच इनफंट्री, म्हणजे घोड्यावर बसवायला अजून लहान म्हणून पायी पिटाळलेली पोरं. आता आमचे मामा बेळगावच्या मराठा लाईट इनफंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झालेत. १७६८ ची पलटण, असं सांगताना अजूनही मिशीवर हात जातो. ते नेमके त्या दिवशी घरी आले होते आणि मला काय अवदसा आठवली देव जाणे, चहा देता देता बोलून गेले, मामा, तुमची पलटण म्हणजे खरं तर बालवाडी.

मामांनी कप खाली ठेवला. एरवी एक प्रश्न विचारला की सियाचेनपासून सुरू होणारा माणूस, पण पाच मिनिटं झाली, दहा झाली, तोंडातून शब्द नाही.

लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आई, बघ, इनफंट!