'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' महोदय,

संशोधन गटाची वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे मुळात ब्लॉगसाठी निघालेल्या सॉफ्टवेअरवर, कशी केली, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लॉग म्हणजे रोजनिशी, तिच्यावर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेची साइट काढणं हा पोरखेळ, पत्ता आपल्या मालकीचा नाही, फुकट साइट देणाऱ्या जिओसिटीजसारखं उद्या दुकान बंद झालं तर काय, विद्यापीठाच्या सर्व्हरवर जागा मागायला हवी होती, नाहीतर गिटहब पेजेस (कोडच्या फाइलींतून साइट उभी करणारी सेवा) आहेच, विद्यार्थ्यांचे फोटो टाकताना त्यांना विचारलं होतं का, आणि शेवटी, 'प्राध्यापकांना एवढंही कळू नये याचं आश्चर्य वाटतं.'

माझी चूक आधी सांगून टाकते. वर्डप्रेस डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग यांची मी लेखात गल्लत केली होती. डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, ते आपण घेतलेल्या सर्व्हरवर आपणच चढवायचं. डॉट कॉमवर जागा तयार मिळते, आणि फुकटात घेतली तर जाहिराती सोसायच्या. तिसरा परिच्छेद दुरुस्त केला आहे. आभार. 'एवढंही कळू नये' न म्हणताही हे सांगता आलं असतं. असो.

आता पोरखेळाकडे येऊ.

मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. आमचं काम थिन फिल्म्सवर, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून ऑक्साइडचा थर चढवायचा. आमचं पहिलं स्प्रे युनिट म्हणजे काचकाम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतलेलं नोझल आणि खाली विभागाच्या वर्कशॉपमध्ये जोडलेली हॉटप्लेट. पाहायला आलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले होते, 'बाई, खेळणं छान आहे.' त्या खेळण्यावर तीन पीएचड्या झाल्या. तेव्हा हा शब्द मला नवा नाही. राग मात्र दर वेळी नव्यानं येतो.

'ब्लॉग म्हणजे रोजनिशी' हे तुमचं वाक्य २००४ पर्यंत चाललं असतं. २००५ च्या १.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये पोस्ट वेगळी आणि पेज वेगळं. नवी पोस्ट आली की जुनी खाली सरकते, पेज जागचं हलत नाही. सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडायचं, मुखपृष्ठासाठी एक स्थिर पान निवडायचं, पोस्टसाठी 'बातम्या' नावाचं दुसरं पान नेमून द्यायचं, मेनू लावायचा, पेजेसवरच्या प्रतिक्रिया बंद करायच्या. आमच्याकडे सदस्य, उपकरणं आणि प्रकाशनं ही पेजेस आहेत. कोणाचा व्हायवा झाला, कोणाचा पेपर लागला, ही पोस्ट. प्रत्येक पेपरपुढे डीओआयची, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाची, लिंक. हे सगळं दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सांभाळते. तिला एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची भाषा, येत नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलेलं नाही.

आणि पोरखेळच म्हणायचा तर मोठ्या पोरांचाही बघा. गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळवलेले टेरेन्स टाओ २००७ पासून वर्डप्रेस डॉट कॉमवर लिहितात. तसलंच पदक मिळालेल्या टिमोथी गॉवर्सनी २००९ मध्ये आपल्या वर्डप्रेस ब्लॉगवर एक प्रश्न मांडला, आणि ठिकठिकाणच्या गणितज्ञांनी मिळून, खालच्या प्रतिक्रियांमधून, डेन्सिटी हेल्स–ज्युएट प्रमेयाची नवी सिद्धता उभी केली. 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या नावानं तो पेपर २०१२ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नामांकित नियतकालिकात छापून आला. टोपणनावानं प्रतिक्रिया लिहून असंही काही करता येतं, महोदय.

विद्यापीठाच्या सर्व्हरवर जागा मागायला हवी होती म्हणता? मागितली होती हो! तीन प्रतींत अर्ज, विभागप्रमुखांची सही, आवक क्रमांक, सगळं केलं. पान मिळालंही. त्यावर आमच्या पेपरांची यादी स्कॅन करून आडवी चढवलेली. वाचायची तर मान डाव्या खांद्यावर टेकवावी लागे. पीएचडी होऊन दक्षिण कोरियाला गेलेला विद्यार्थी त्या पानावर चार वर्षं 'एम.एस्सी. भाग दोन'मध्येच शिकत होता. मग साइटचा ठेकेदार बदलला आणि एका सोमवारी पानच गेलं. परिषदेच्या पोस्टरवर आम्ही हौसेनं छापलेला पत्ता उघडला की कुलगुरूंचा संदेश यायचा. विद्यापीठाच्या एसी डॉट इन पत्त्याचा मान मोठा, मला मान्य आहे. तो पत्ता माझ्या मालकीचा कधी होता, ते मात्र तुम्हीच सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं हे मलाही ठाऊक आहे. आम्ही दर महिन्याला साइटचा मजकूर एक्सपोर्ट करून एक्सएमएल फाइल पेन ड्राइव्हवर ठेवतो, तो ड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात असतो. स्वतःचं डोमेन घेण्याचं पुढे बघू. गिटहबचा परिच्छेद त्या विद्यार्थिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मॅडम, मग थिसिस कधी लिहू?'

तुमच्या गटाची साइट पाहायला आवडेल. तुमच्या टोपणनावावर क्लिक करून पाहिलं, मागे काहीच नाही.

ता. क. फोटोंबद्दल. चौघांना विचारलं होतं. पाचवी तेव्हा गावी गेली होती, तिचा फोटो ग्रुपवरून उचलला होता. काल रात्री तिला फोन केला. तिच्या नावापुढे आता फोटो नाही.