इतर (कृपया नमूद करावे)

लिहून झालेला मजकूर कुठे पाठवायचा म्हटले, की 'साहित्यप्रकार निवडा' हा रकाना आडवा येतो. शेजारी तांबडी तारका असल्यामुळे तो रिकामा सोडता येत नाही, आणि दुसऱ्या पर्यायावर खूण करायला जावे, तर पहिली आपोआप पुसली जाते. माझ्या मजकुरातले आजोबा खरे आहेत, त्यांचा कुत्रा काल्पनिक आहे, मधली अडीच पाने नुसता पाऊस पडतो आणि शेवटी आजोबा व कुत्रा यांचा कडाक्याचा वाद होतो. आता याला आठवण, कथा, ललित की एकांकिका म्हणायचे, हे मी कोणत्या तोंडाने सांगावे?

आधी मी 'कथा' निवडली. 'यात काही घडतच नाही' असा शेरा मारून ती ललित विभागाकडे सरकवण्यात आली. ललित विभागाने, कुत्रा बोलतो या कारणास्तव, ती बालसाहित्याकडे धाडली. आणि तिथे आजोबांच्या तोंडच्या शिव्या वाचून दार लावून घेण्यात आले. एका अनुभवी स्नेह्यांनी ओळी मोडण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे मी वाक्यांच्या ऐन मध्यावर एंटर दाबत सुटलो, आणि 'आजोबा / उठले / पण काठी / नव्हती' असे दिसू लागताच मजकुराला असे काही गांभीर्य चढले, की मलाच माझे आजोबा परके वाटू लागले.

थोरामोठ्यांना हा रकाना भरावा लागला नाही, याचा मला हेवा वाटतो. कथा आणि आख्यायिका ही एकाच जातीची दोन नावे आहेत, असे 'काव्यादर्शा'त ठणकावून संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी मोकळा झाला. शिवाय गद्य आणि पद्य यांच्या जोडीला त्याने 'मिश्र' असा तिसरा वर्गही ठेवला, ज्यात चंपूकाव्याची आयती सोय झाली. तिकडे रशियात पुश्किनने पद्यात लिहिलेल्या 'येवगेनी अनेगिन'ला कादंबरी म्हटले, तर गोगोलने १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गद्य 'मृत आत्मे'च्या मुखपृष्ठावर खुशाल 'काव्य' असे छापून घेतले. (दोघांनी आपसांत अदलाबदल केली असती, तर सगळ्यांचीच सोय झाली असती.)

अखेर मी 'इतर' निवडले. लगेच खाली चौकट उघडली आणि तिने शंभर शब्दांत स्पष्टीकरण मागितले. आजोबा कोण, कुत्रा कशासाठी आणि पाऊस थांबत का नाही, हे सारे मी तळमळीने लिहून टाकले. यथावकाश उत्तर आले: स्पष्टीकरण लघुकथा म्हणून स्वीकारले असून, मूळ मजकूर तिची तळटीप समजून ठेवून घेतला आहे.