पाच हजारांचा अर्धकच्चा गेम

पुन्हा तोच गाढवपणा केला. ४,९९९ रुपये मोजून पहिल्याच दिवशी नवा व्हिडिओ गेम घेतला. डिस्क घातली, तर म्हणे आधी ६० जीबी डाउनलोड करा! मग डिस्कवर काय आरत्या भरल्या होत्या? रात्री साडेअकराला एकदाचा सुरू झाला, तर हिरोचा पाय भिंतीत अडकलेला. त्याला बरे कपडे हवेत? वेगळे पैसे टाका.

२०२० च्या सुमारास अमेरिकेत ६० डॉलरचे मोठे गेम ७० वर गेले, आपल्याकडेही भाव चढले. काम मात्र अर्धवटच. सहा महिन्यांनी हाच गेम, बग म्हणजे चुका काढून, सेलमध्ये निम्म्या किमतीत येणार. म्हणजे जास्त पैसे देऊन टेस्टिंग आम्हीच करायचं!

बायकोने नुसतं बिलाकडे पाहिलं. बोलली काहीच नाही, तेच जास्त लागलं.