‘हौस’ या शब्दाबद्दल

नमस्कार. माउसने धरून ओढलं की तक्ता आडवा सरकावा, यासाठी मी लेखात दिलेल्या कोडवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ओव्हरफ्लो ऑटो (मावलं नाही तर स्क्रोलबार दे, ही ब्राउझरला सूचना) लावलं की ब्राउझर सगळं करतो, तुमच्या कोडमुळे मजकूर सिलेक्ट होत नाही, कीबोर्डवाल्यांचं काय, हे तुमचे मुद्दे. आणि शेवटचं वाक्य: ‘ही डेव्हलपरची हौस आहे, ती वापरणाऱ्यांच्या गळ्यात कशाला मारता?’

एक चूक आधी कबूल करतो. ३ पिक्सेल सरकलं की ओढणं समजायचं, ही मर्यादा कमीच होती. हात जरा हलला तरी क्लिक वाया जायचा. आता ५ केली आहे.

पण हौस? अकरा वर्षं मी इंटरफेसचंच काम करतोय. एका कामात चाळीस रकान्यांचं वेळापत्रक होतं. ते दिवसभर भरणाऱ्या बाईंच्या शेजारी मी एक दुपार बसलो होतो. साधा माउस. शिफ्ट दाबून चाक फिरवलं की आडवं सरकतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. दर वेळी तळाशी जायचं, स्क्रोलबार पकडायचा, सरकवायचा, परत वर येऊन आपली ओळ शोधायची. माझ्यादेखत दोनदा नोंद भलत्याच ओळीत पडली. मग त्यांनी आपणहून तक्ताच धरून ओढला, तर नुसता मजकूर निळा झाला. ओढून बघावंसं त्यांना वाटलं होतं, मला नाही.

आणि हौसेखातर कुणी इतका जीव काढत नाही. माउसचं बटण दाबताक्षणी (पॉइंटरडाउन) पुढच्या सगळ्या हालचाली तक्त्याच्या बाहेरच्या चौकटीकडे, म्हणजे कंटेनरकडे, वळवल्या (सेटपॉइंटरकॅप्चर), तर आतल्या लिंकवरचा क्लिक कंटेनरच्या नावावर जातो आणि लिंक उघडतच नाही. हे सापडायला माझ्या दोन रात्री गेल्या. म्हणून मर्यादा ओलांडल्यावरच कॅप्चर करतो. स्क्रोल-स्नॅप (सरकवणं थांबलं की ठरलेल्या जागी आपोआप नेऊन बसवणारी सोय) चालू असताना ओढलं की तक्ता झटके खातो, म्हणून ओढण्यापुरतं ते बंद. बोटाने सरकवणं ब्राउझर उत्तम करतो, तिथे मी ढवळाढवळ करत नाही. पॉइंटरटाइप, म्हणजे सरकवणारं साधन, ‘माउस’ असेल तरच माझा कोड चालतो. हे सगळं लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

बाकीचं थोडक्यात. ओव्हरफ्लो ऑटो ही माझ्याही कोडची पहिलीच ओळ आहे. तक्त्याला टॅबइंडेक्स ० दिलाय, म्हणजे टॅब दाबून तिथे पोचता येतं आणि बाणाच्या कळा चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष) मधला २.५.७ हा निकष ओढण्याला पर्याय मागतो. स्क्रोलबार मी लपवलेला नाही, तोच पर्याय. मजकूर सिलेक्ट करण्याचं म्हणाल, तर वेळापत्रकातून कुणी उतारे उचलत नाही.

कोड चुकीचा आहे असं म्हणा, मी ऐकून घेईन. पण हौस म्हणण्याआधी डेमो एकदा चालवून तरी बघायचा होता.