नुसत्या दाबावरून ताकद कळत नाही
पिस्टन इंजिनाच्या विमानांबद्दल ‘मॅनिफोल्ड प्रेशर (म्हणजे थ्रॉटलच्या झडपेतून सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब) जास्त म्हणजे ताकद जास्त’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. इंजिन बंद असलेल्या विमानात या दाबाचा काटा बघा: समुद्रसपाटीला जवळपास 30 इंच पारा (म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब), आणि ताकद शून्य! आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, तोच काटा बराच खाली येतो, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद आणि पिस्टन हवा ओढतायत. दाबावरून एका सक्शन स्ट्रोकला किती हवा आत शिरेल एवढंच कळतं. असे स्ट्रोक मिनिटाला किती, ते आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ठरवतं. हवा-इंधनाच्या मिश्रणाचा भाग वेगळाच. गंमत म्हणजे दाब आणि आरपीएम दोन्ही तेच ठेवून वर गेलात तर ताकद किंचित वाढते: बाहेरचा दाब कमी, म्हणून एक्झॉस्ट सहज निघतो, शिवाय आत येणारी हवा थंड. अर्थात हवा दाबून आत ढकलणारा टर्बो नसेल तर वर जाताना दर हजार फुटांना मिळू शकणारा दाब साधारण एक इंचाने कमी होतोच.