222-0: फॉरवर्डमधलं कंबरलँड आणि खरं कंबरलँड

परवा रात्री ताईचा फोन आला. भाच्याची वक्तृत्व स्पर्धा, विषय 'अपयश ही यशाची पहिली पायरी', आणि भाषणाचा अर्धा भाग कुठल्याशा ग्रुपवरच्या मेसेजमधून जसाच्या तसा उचललेला. "तू अटलांटात शिकलीस ना, जरा बघून दे गं. निदान नावांचे उच्चार तरी." उच्चार ठीक होते. बाकीचं बघून माझी झोप उडाली.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: 1916 साली अमेरिकेतल्या कंबरलँड नावाच्या छोट्या कॉलेजातल्या गरीब, खेडवळ पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलचा संघ काढला. पहिलाच सामना अटलांटातल्या बलाढ्य जॉर्जिया टेक या कॉलेजशी. टेकनं 37 गोल मारून 222-0 असा धुव्वा उडवला. पंचांनी तीनदा विचारलं, 'थांबायचं का?' पोरं म्हणाली, 'शेवटच्या मिनिटापर्यंत खेळणार.' टेकच्या कोचनं जुन्या 22-0 च्या पराभवापुढे मुद्दाम आणखी एक 2 लावून सूड घेतला. आणि पुढच्याच वर्षी त्याच पोरांनी टेकला हरवलं! खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग.

सामना झाला होता. 7 ऑक्टोबर 1916, अटलांटातलं ग्रँट फील्ड, निकाल 222-0. त्या मैदानाच्या कडेनं मी दोन वर्षं रोज वर्गाला गेले आहे, त्यामुळे ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकतेय असं नाही. पुढे जे आकडे देते ते टेकच्या नोंदींतले आहेत. जिंकणाऱ्याच्या वहीतले, पण निदान वहीतले.

आधी ते 37. सदतीस सक दोनशे बावीस, म्हणजे कुणीतरी बसून भागाकार केलाय, त्याबद्दल शाबासकी. पण हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे, आणि त्यात नुसते सहा-सहाही नसतात. चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण; त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला की आणखी एक. टेकचे टचडाउन 32, जास्तीचे गुण 30. करा बेरीज. चार डावांत 63, 63, 54 आणि 42.

आता 'शेवटच्या मिनिटापर्यंत'. सगळं भाषण याच वाक्यावर उभं आहे आणि नेमकं हेच सगळ्यात खोटं आहे.

कंबरलँडनं त्या वर्षीचा हंगाम सुरू होण्याआधीच फुटबॉल बंद करून टाकला होता. संघच नव्हता. पण टेकबरोबरचा सामन्याचा करार शिल्लक होता, आणि टेकचे कोच जॉन हाइसमन तो सोडायला तयार नव्हते. आलात तर 500 डॉलर मिळतील, नाही आलात तर 3,000 डॉलर दंड भरा. 1916 सालचे तीन हजार! छोट्या कॉलेजचं कंबरडं मोडलं असतं. मग जॉर्ज अॅलन नावाच्या विद्यार्थी व्यवस्थापकानं मिळतील त्या मित्रांना गोळा केलं आणि आगगाडीत घातलं. हाच अॅलन पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या खास वर्तुळात जाऊन बसला, यावरून त्याची माणसं जमवण्याची हातोटी कळते. म्हणजे पोरं मैदानात उभी राहिली ती दंड चुकवायला. जिद्दीचा संबंध असलाच तर तो हाइसमनच्या.

शेवटचं मिनिटही तितकंसं शेवटचं नव्हतं. मध्यंतराला 126-0 झाल्यावर उत्तरार्धातले डाव कापून लहान केले. पूर्ण वेळ खेळलेच नाहीत कुणी. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की नवे चार प्रयत्न मिळतात. कंबरलँडला अख्ख्या सामन्यात हे एकदाही जमलं नाही. चेंडू हातातून पडला तर तो कुणी उचलायचा यावरून त्यांच्या पोरांत वाद झाल्याचा किस्सा अजून सांगतात. किस्साच आहे, पण पंचांच्या त्या तीन प्रश्नांपेक्षा मला तो जास्त पटतो.

एवढं चिडायला काय झालं, असं ताईनंही विचारलं. चिडायचं कारण तिच्याच घरात आहे. गेल्या वर्षी कबड्डीत याच भाच्याचा घोटा सुजला होता. तरी त्यानं आणखी तीन चढाया केल्या, कारण 'मैदान सोडायचं नसतं' हे त्याला कुणीतरी असंच ऐकवलं होतं. मग सहा आठवडे प्लास्टर. त्याच पोराला आता माईकसमोर उभं करून, चिरडले जात असलात तरी जागचे हलू नका, असं शंभर मुलांना सांगायला लावायचं? कंबरलँडच्या पोरांना सोडायची मुभा असती तर ती अटलांटाला आलीच नसती. शहाणी होती ती.

गरीब, खेडवळ वगैरे: कॉलेज टेनेसी राज्यातल्या लेबनन गावी, स्थापना 1842. तिथली कायद्याची शाळा नावाजलेली होती. रूझवेल्ट यांचे परराष्ट्रमंत्री आणि 1945 चे शांततेचे नोबेल मिळवणारे कॉर्डेल हल तिथेच शिकले. अॅलनही कायद्याचाच विद्यार्थी.

पुढच्या वर्षी टेकला हरवलं: नाही. 1917 मध्ये टेक एकही सामना हरली नाही, राष्ट्रीय विजेती ठरली. विषय संपला.

सुडाचं मात्र, नाइलाजानं का होईना, मान्य करावं लागतं. 1916 च्याच वसंतात बेसबॉलमध्ये कंबरलँडनं टेकला 22-0 असं लोळवलं होतं, आणि त्या संघात पैसे घेऊन खेळणारे बाहेरचे गडी घुसवल्याचा संशय होता. टेकच्या बेसबॉलचे कोचही हाइसमनच, तेव्हा राग होता हे खरं. शिवाय नुसत्या गुणांच्या बेरजेवरून संघांची लायकी ठरवणाऱ्या क्रीडापत्रकारांना त्यांना धडा द्यायचा होता. पण 'पुढे एक 2 लावला' हा निव्वळ आकड्यांचा चाळा. 222 वर नेमकं थांबायचं असं ठरवून कोण खेळतं?

राहिलं 'पहिल्यांदा संघ काढला'. मेसेज लिहिणाऱ्यानं इथे खरी गोष्ट हातची घालवली. 1903 साली याच कंबरलँडनं व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाला 6-0 नं हरवलं, अलाबामाला 44-0 नं, लुइझियाना स्टेटला 41-0 नं आणि टुलेनला 28-0 नं. आज फुटबॉलमध्ये अलाबामाचं नाव काढलं की अमेरिकेत लोक कान टवकारतात, त्या अलाबामाला! सिवानीकडून तेवढा एक सामना गेला. हंगामाच्या शेवटी क्लेमसनशी 11-11 अशी बरोबरी झाली. तेव्हा क्लेमसनचे कोच कोण? जॉन हाइसमन. तिथला त्यांचा तो शेवटचा सामना, पुढच्या वर्षी ते टेकला गेले.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पण विषय अपयश आहे. 1903 मध्ये तर ते जिंकले." मग जरा थांबून, "ते तीन हजार डॉलरचं परत सांग." ते त्यानं लिहून घेतलं. स्पर्धा शनिवारी आहे.