तीन तासांचे एवढे पैसे?

कोटेशन पाठवल्यावर येणारा पहिला फोन कधीही फोटोंबद्दल नसतो. छायाचित्रे कुठे वापरायची आहेत, सभागृहात प्रकाश कसा आहे, व्यासपीठामागे एलईडी पडदा लावणार आहेत का, मुख्य पाहुणे किती वाजता निघणार आहेत, यांपैकी एका शब्दाचीही चर्चा होत नाही. विचारले जाते ते एवढेच, की कार्यक्रम तर तीनच तासांचा आहे, मग त्याचे एवढे पैसे कसे? विचारणाऱ्याचा स्वतःचा पगार जेवणाच्या सुट्टीसकट मोजला जातो. छायाचित्रकाराचा वेळ मात्र शटरच्या पहिल्या आवाजापासून शेवटच्या आवाजापर्यंतच मोजायचा, असा कुठला तरी अलिखित नियम या लोकांनी आपसांत ठरवून टाकलेला दिसतो.

या तीन तासांत काय होते ते एकदा कुणी तरी शेजारी उभे राहून पाहावे. वक्त्याच्या चेहऱ्यावर एका रंगाचा दिवा, मागच्या पडद्यावर दुसऱ्या रंगाचा उजेड आणि प्रेक्षकांवर जवळजवळ अंधार, अशा जागी फ्लॅश वापरायचा नाही अशी आयोजकांची सक्त ताकीद असते. लेन्सचे छिद्र किती उघडते हे सांगणारा एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त; एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ वर चौपट प्रकाश आत येतो, म्हणून त्या क्षमतेची झूम लेन्स घ्यावी लागते, आणि तिची किंमत कॅमेऱ्याच्या बॉडीशी स्पर्धा करते. हलणारा हात धूसर होऊ नये म्हणून शटरचा वेग वाढवावा, तर एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे फ्रेमवर आडवे पट्टे उमटतात. वेग कमी करावा, तर वक्ता हलतो. हे सगळे सांभाळत असताना पुरस्कार देणारा आणि घेणारा यांनी एकमेकांकडे पाहण्याचा जो अर्धा क्षण असतो, तो पकडायचा असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पहिल्या रांगेतले सद्गृहस्थ मोबाइल उंचावून मध्ये उभे राहतात. तो फोटो मिळाला नाही, तर जाब मला विचारला जातो. त्या सद्गृहस्थांना कुणी काही विचारत नाही.

बरे, दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा, पर्यायी बॉडी, सुट्या बॅटऱ्या, दुसरा फ्लॅश हे सामान मी हौस म्हणून वाहत नाही. मध्यम श्रेणीच्या कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरची चाचणी सहसा दीड ते दोन लाख क्लिकपर्यंत झालेली असते, आणि कार्यक्रमांचे काम नियमित करणाऱ्याला तो आकडा गाठायला फार वर्षे लागत नाहीत. याचा अर्थ, प्रत्येक कार्यक्रमात माझ्या भांडवलाचा थोडा भाग प्रत्यक्ष झिजतो. ही झीज, विमा, सॉफ्टवेअरचे भाडे आणि हार्ड डिस्कचा खर्च त्या तीन तासांत कुठे बसवायचा, हे मला कुणी तरी लिहून द्यावे.

आणि शटर थांबल्यावर सुरू होते ते काम तर कुणाच्या गणतीतच नसते. तीन तासांच्या गजबजलेल्या कार्यक्रमात हजार-दीड हजार फ्रेम सहज होतात. त्या आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यायच्या, मग मिटलेले डोळे, अर्धवट उघडी तोंडे आणि पाठमोरी डोकी वगळत निवड करायची, उरलेल्या प्रत्येक फोटोचा रंगसमतोल असा बसवायचा की निळ्या पडद्यासमोर उभा असलेला माणूस आजारी दिसणार नाही, आणि मग छपाईसाठी एक संच, संकेतस्थळासाठी दुसरा असे सगळे नीट नावे देऊन पाठवायचे. यात कार्यक्रमाच्या कितीतरी पट वेळ जातो. तरीही रात्री घरी पोहोचेपर्यंत संदेश आलेला असतो, "फोटो झाले का?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात भर पडते, "एडिटिंग राहू द्या, सगळे रॉच पाठवा."

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने केलेली कच्ची नोंद, तयार फोटो नव्हे. चौदा-बिट रॉमध्ये लाल, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक रंगवाहिनीत १६,३८४ छटा नोंदवता येतात, आठ-बिट जेपीईजीमध्ये २५६. कच्च्या नोंदीतून अंतिम चित्र घडवताना त्यांतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय हेच माझे काम आहे. तो निर्णय होण्याआधीचा माल मागायचा, त्यावर फोनमधला एखादा भडक फिल्टर चढवायचा आणि खाली माझे नाव टाकायचे, याला हे लोक माझी प्रसिद्धी म्हणतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत आहे, की हा माणूस फक्त बटण दाबतो. ती जुनी आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तोच "तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करतो" अशा अर्थाच्या घोषवाक्यासह. निदान त्या जाहिरातीत "बाकीचे" असे काही तरी असते आणि ते कुणाला तरी करावे लागते, एवढी कबुली तरी होती. आमच्या ग्राहकांनी तेवढाच भाग सोयीस्करपणे गाळला आहे. त्याच्याही चार वर्षे आधी, १८८४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच वाद आला होता. छायाचित्रकार नेपोलियन सरोनी यांनी काढलेल्या लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्राच्या ८५,००० प्रती एका छपाई कंपनीने परस्पर काढल्या, आणि छायाचित्र ही केवळ यांत्रिक नोंद असल्याने त्यावर कुणाचा हक्क असू शकत नाही, असा बचाव केला. न्यायालयाने तो फेटाळला. बसण्याची ढब, पोशाख, मागचे पडदे, छायाप्रकाशाची मांडणी हे सगळे सरोनी यांनी योजले होते, म्हणून ती त्यांची कृती आहे, असा निकाल लागला. तोच बचाव मला आज मार्केटिंग विभागातल्या तरुणांकडून ऐकावा लागतो, आणि तोही कायद्याच्या आविर्भावात.

खरा संताप येतो तो व्यावसायिक कामात. एखाद्या उत्पादनाचे फोटो एका वर्षासाठी, फक्त संकेतस्थळ आणि सोशल मीडियावर वापरायचे, असे करारात स्पष्ट लिहिलेले असते. दर त्यानुसार कमी लावलेला असतो. आणि काही महिन्यांनी तेच फोटो चौकातल्या होर्डिंगवर, खोक्यांवर आणि वितरकांच्या पत्रकांवर झळकताना दिसतात. विचारणा केली, की समोरचा माणूस प्रामाणिकपणे दुखावला जातो. "पण आम्ही शूटचे पैसे दिले होते ना!" दिले होते, महाशय, जेवढ्या वापराचे ठरले होते तेवढ्याचे दिले होते. त्यांच्या डोक्यात मात्र त्यांनी माझा अर्धा दिवस विकत घेतलेला असतो, आणि त्या अर्ध्या दिवसात जन्मलेले सगळे कायमचे त्यांचे. छायाचित्राला कमी लेखण्याची सवय कायद्यालाही होती, हे मान्य: कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात इतर बहुतेक कृतींना कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षांचे संरक्षण असताना छायाचित्रांसाठी निर्मितीपासून किमान २५ वर्षे पुरेशी मानली होती. पण १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट कराराने तो भेदभाव सदस्य देशांपुरता काढून टाकला. कायदा सुधारला, खरेदी विभाग अजून सुधारायचा आहे.

फोटोबरोबर नाव छापू, पुढच्या वेळी मोठे काम देऊ, साहेबांच्या भाच्याकडेही चांगला कॅमेरा आहे, ही वाक्ये इतकी झिजली आहेत की त्यांवर आता रागही खर्च करवत नाही.

राग येतो तो बिलाचा. मिनिटामिनिटाचा हिशेब मागणारी हीच मंडळी पैसे देण्याची वेळ आली, की घड्याळ काढून ठेवतात. फोटो त्याच आठवड्यात प्रसिद्धिपत्रकात जातात, वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर बसतात, अध्यक्षांच्या प्रोफाइलवर चढतात. बिल मात्र आधी अकाउंट्सकडे असते, मग मंजुरीसाठी वर गेलेले असते, मग त्यावर एक क्रमांक नसतो, आणि तो क्रमांक ज्यांनी द्यायचा ते रजेवर असतात. दुसऱ्या छायाचित्रकाराला, सहायकाला आणि भाड्याने आणलेल्या दिव्यांच्या मालकाला मी काम संपताक्षणी पैसे दिलेले असतात, कारण त्यांना रजेवरच्या माणसाची गोष्ट सांगण्याचा निर्लज्जपणा माझ्याकडे नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्यासारखा छोटा धंदेवाईक बिनव्याजी कर्ज देतो, आणि त्याची आठवण करून दिली, की "तुम्ही फारच मागे लागता बुवा" हेही ऐकून घेतो.

म्हणून कोटेशनमधला तासांचा रकानाच मी काढून टाकला आहे. तिथे आता वापराचे माध्यम, वापराची मुदत, द्यायच्या फोटोंची संख्या आणि रक्कम एवढेच लिहिलेले असते. निम्मी रक्कम आगाऊ आल्याखेरीज तारीख राखली जात नाही, आणि उरलेली खात्यात आल्याखेरीज वॉटरमार्क नसलेली एकही फाइल बाहेर जात नाही. कालच एका आयोजकांनी हे वाचून फोन केला आणि विचारले, "ते सगळे ठीक आहे, पण तासाला किती घेता?"